वाचकांचे प्रश्न : थोड्या भांडवलात कपड्यांचे ऑनलाइन दुकान

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. घरात शिवणाचे मशीन आहे किंवा कापडाची जाण आहे, हाताशी पन्नास हजारांच्या आतबाहेर रक्कम आहे आणि कपडे ऑनलाइन विकण्याचा विचार आहे, तर सुरुवात कुठून करावी, असे वाचक विचारतात. मी स्वतः घरातल्या एका कपाटातून हा व्यवसाय सुरू केला होता, त्यामुळे ही पत्रे मी फार आपुलकीने वाचली. गाळ्याचे भाडे आणि डिपॉझिट वाचते हे खरे आहे. मात्र न खपलेला माल, परत आलेली पार्सले आणि हिशेबात न धरलेले लहान लहान खर्च यांत भांडवल अडकते, आणि एकदा अडकले की पुढचा माल घ्यायला हाती काही उरत नाही. म्हणून उत्तरे देताना पैसा फिरता कसा राहील, याच बाजूने मी प्रत्येक प्रश्नाकडे पाहिले आहे.

प्रश्न : ताई, मी कऱ्हाडला राहते आणि गेली १५ वर्षे ब्लाउज व कुर्ते शिवते. बचत गटातून आणि स्वतःच्या शिलकीतून ४० हजार रुपये जमवले आहेत. खणाच्या कापडाचे कुर्ते शिवून ऑनलाइन विकायचे आहेत. एकदम ६० कुर्ते शिवून ठेवले तर स्वस्तात पडतील, असे मैत्रीण म्हणते. तसे करावे का?

उत्तर : तसे करू नका. साठ कुर्ते ऐकायला पुष्कळ वाटतात, पण चार रंग आणि पाच मापे धरली तर प्रत्येक रंगात प्रत्येक मापाचे तीनच नग होतात. जांभळ्या रंगातले ४२ मापाचे तीन कुर्ते पहिल्याच आठवड्यात संपतील, हिरव्यातले ३६ मापाचे तीन कपाटात पडून राहतील आणि जे मागितले जाते तेच शिवायला तुमच्याकडे पैसे नसतील. कापड ताग्यात असते तोवर त्यातला पैसा मोकळा असतो, कारण त्याचा कुर्ता होऊ शकतो, ब्लाउज होऊ शकतो, लहान मुलीचे परकर-पोलकेही होऊ शकते. ते एका मापात कापले की तो पैसा त्या मापाच्या ग्राहकाची वाट पाहत बसतो. शिवण तुमच्या हातात आहे, ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे आणि तिचाच उपयोग करून घ्या. चार रंगांचे प्रत्येकी दहा मीटर कापड आणा, प्रत्येक रंगाचा एकेक कुर्ता शिवा, त्यांचे फोटो काढा आणि पुढचे कुर्ते मागणी आल्यावर पाच-सहा दिवसांत शिवून पाठवाल असे स्पष्ट लिहा. कापड १२० रुपये मीटर धरले तर या चाळीस मीटरना ४,८०० रुपये लागतील, आणि अस्तर, बटणे, पिशव्या हे सारे धरूनही तुमच्या रकमेचा मोठा भाग शाबूत राहील.

कापड आणताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला हातमागावर विणला जाणारा पारंपरिक खण चोळीसाठी विणला जात असल्यामुळे त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद असतो, आणि त्यातून कुर्ता काढायचा तर जोड द्यावा लागतो. बाजारात मीटरवर मिळणारे रुंद पन्ह्याचे खणाचे कापड बहुतेक यंत्रमागाचे असते. ते विकण्यात काहीच गैर नाही, फक्त त्याला हातमागाचा खण म्हणू नका; ज्या ग्राहकाला फरक कळतो, तीच चार जणींना सांगणारी असते. कोणतेही नवे कापड आणले की आधी त्याचा एक तुकडा मोजून भिजवा, वाळवा आणि पुन्हा मोजा, म्हणजे ते किती आटते ते कळेल. ओल्या पांढऱ्या फडक्याने दोन-तीनदा घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड घेऊ नका, किंवा घेतलेच तर कोरडी धुलाई करावी लागेल असे आधीच लिहा. घरच्या ग्राहकांसाठी शिवताना हे तुम्ही करतच असाल. ऑनलाइन विक्रीत ग्राहक कापडाला हात लावू शकत नाही, म्हणून ते अधिक काटेकोरपणे करायचे.

आता किमतीबद्दल लिहिते, कारण बहुतेक जणींचे गणित इथेच चुकते. उदाहरणादाखल धरू की एका कुर्त्याला अडीच मीटर कापडाचे ३००, शिलाईचे १८०, अस्तर-दोरा-बटणांचे ६० असे ५४० रुपये पडतात आणि तुम्ही तो ९५० रुपयांना विकता. शिलाईचे १८० रुपये म्हणजे तुमची स्वतःची मजुरी आहे आणि ती हिशेबात धरायलाच हवी. घरी बसून शिवते म्हणून मजुरी धरायची नाही, ही आपल्या बायकांची सवय मला मनापासून खटकते. वरवर पाहता प्रत्येक कुर्त्यामागे ४१० रुपये सुटतात. आता माल हाती पडल्यावर पैसे देण्याच्या अटीवर, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीने, दहा पार्सले पाठवली आणि त्यांतली दोन न स्वीकारता परत आली असे समजा. आठ कुर्त्यांचे ७,६०० रुपये आले. त्या आठांचा खर्च ४,३२०, दहा पार्सलांचे जाण्याचे कुरिअर प्रत्येकी ७० प्रमाणे ७००, दोन परत येण्याचे १४०, रोख रक्कम गोळा करण्याचा आकार आठ पार्सलांवर प्रत्येकी ४० प्रमाणे ३२०, दहा पिशव्या आणि लेबले १५०, आणि जाहिरातीवर ६०० खर्च केले तर एकूण खर्च ६,२३० रुपये झाला. हातात राहिले १,३७०, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक कुर्त्यामागे सुमारे १७१ रुपये. दोनऐवजी तीन पार्सले परत आली तर तोच आकडा १३३ वर येतो. किंमत ठरवण्यापूर्वी हा हिशेब वहीत तुमच्या स्वतःच्या आकड्यांनी मांडा आणि ९५० परवडत नसतील तर १,१०० लिहायला संकोच करू नका. त्याचबरोबर यूपीआयने आगाऊ पैसे देणाऱ्या ग्राहकाला ५० रुपये कमी करा. थेट बँक खात्यात यूपीआयने आलेल्या रकमेतून तुमचे काही कापले जात नाही, कुरिअरकडून रोख रक्कम जमा होण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि ज्याने पैसे दिले आहेत तो पार्सल सहसा नाकारत नाही.

सणांचे वेळापत्रक कपाटाच्या दारावर लावून ठेवा. नवरात्र, दिवाळी आणि पाडवा हे खणाचे दिवस आहेत, पितृपक्षाच्या पंधरवड्यात आपल्याकडे नवे कापड घेणारी घरे फार थोडी, आणि काळ्या रंगाचा सारा खेळ संक्रांतीभोवती आहे. मी सुरुवातीच्या काळात बोरन्हाणासाठी काळ्या खणाची ३५ झबली शिवली होती. त्यांतली निम्मी पार्सले कुरिअरच्या गोदामात आठ दिवस पडून राहिली आणि ग्राहकांच्या हाती पडेपर्यंत रथसप्तमी होऊन गेली. एका आईने फोनवर फक्त एवढेच म्हटले, "ताई, बाळाचं बोरन्हाण झालं हो जुन्याच कपड्यांत." मी तिचे पैसे परत केले, ती परत आलेली झबली वर्षभर कपाटात राहिली आणि पुढच्या संक्रांतीला ज्यांना विकायची ती बाळे त्या मापातून मोठी झालेली होती. तेव्हापासून सणाचा माल सणाआधी पंधरा दिवस घराबाहेर पडलाच पाहिजे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय २६. टी-शर्ट आणि कुर्ते विकायचे आहेत. जीएसटी क्रमांक काढल्याशिवाय ऑनलाइन विक्री करता येत नाही, असे काही जण सांगतात, तर काही जण ४० लाखांपर्यंत काहीच लागत नाही असे म्हणतात. खरे काय? आणि कोणकोणते परवाने लागतात?

उत्तर : दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही, पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी आहे. काही ठरावीक हस्तकलेच्या वस्तू सोडल्या तर दुसऱ्या राज्यात माल पाठवताच, उलाढाल कितीही लहान असली तरी, नोंदणी बंधनकारक होते. कोल्हापूरकरांनी हे नीट लक्षात घ्यावे. गोंदियाचा ग्राहक तुमच्यापासून कितीतरी लांब असला तरी तो राज्यातला आहे, आणि दोन-अडीच तासांवरचा बेळगावचा मराठी ग्राहक कराच्या दृष्टीने परराज्यातला आहे. पणजी, इंदूर आणि बडोद्याचेही तसेच. तुमचा बराच ग्राहक सीमाभागातला असेल अशी अपेक्षा असल्यास नोंदणी पहिल्यापासूनच घ्या.

मीशो, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या संकेतस्थळांवरून विकणाऱ्यांना पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि विक्री फक्त स्वतःच्या राज्यात असेल तर पॅनच्या आधारे जीएसटीच्या पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घेऊन त्यावर विक्री करता येते. मात्र असा विक्रेता सर्वच संकेतस्थळे सर्व प्रकारच्या मालासाठी घेतात असे नाही, म्हणून आधी त्या त्या ठिकाणी विचारून घ्या.

नोंदणी घेतल्यावर कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून असा आहे : नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असलेल्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के. तुम्ही ९५० रुपये ही किंमत करासह लावलेली असेल तर त्यातले सुमारे ४५ रुपये सरकारचे आहेत हे लक्षात ठेवा. अनेक नवे विक्रेते ते आपलेच समजून खर्च करतात आणि विवरणपत्र भरण्याच्या दिवशी धावाधाव करतात. विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावेच लागते, त्यामुळे सल्लागाराचे महिन्याचे शुल्कही खर्चात धरा.

बाकीचे परवाने सोपे आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून होणारी नोंद, आधारच्या साहाय्याने सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे मध्यस्थ भेटतील, त्यांना पैसे देऊ नका. ज्याला आपण गुमास्ता म्हणतो त्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली, एकट्याने किंवा दोघा-तिघांच्या मदतीने काम करणाऱ्याला २०१७ च्या कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. दुकानाचे नाव जपायचे असेल तर कपड्यांसाठीच्या वर्ग २५ मध्ये व्यापारचिन्हाचा, म्हणजे ट्रेडमार्कचा, अर्ज करता येतो आणि एकट्या व्यक्तीला त्याचे ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये आहे. माझ्या मते पहिल्या महिन्यातच तो करण्याची घाई नको, पण नाव ठरवण्याआधी व्यापारचिन्हांच्या सरकारी पोर्टलवर ते दुसऱ्या कोणाचे नाही ना, एवढे अवश्य पाहून घ्या.

प्रश्न : मी नाशिकला महाविद्यालयात शिकते. सुरतच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत रोज साड्यांचे आणि ड्रेसचे फोटो येतात. ते पुढे पाठवायचे, मागणी आली की व्यापारी परस्पर माल पाठवतो आणि आपल्याला मधला फरक मिळतो. यात भांडवल लागत नाही, मग धोका काय?

उत्तर : भांडवल लागत नाही, पण तुझा शब्द पणाला लागतो, आणि विद्यार्थिदशेत तेवढेच भांडवल आपल्याजवळ असते. ग्राहक तुला ओळखते, सुरतच्या व्यापाऱ्याला नाही. फोटोतली साडी आणि पेटीतली साडी यांत फरक निघाला तर फोन तुलाच येईल. कायदाही तसाच आहे : २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार वस्तू सदोष निघाली किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

तरीही हा मार्ग वाईट आहे असे मी म्हणणार नाही. फक्त जे विकायचे त्याचा एक नग स्वतः विकत घे, नेस, धू आणि घरातल्या खिडकीच्या उजेडात स्वतः फोटो काढ. पन्नास साड्यांचे फोटो पुढे ढकलण्याऐवजी अशा पाचच साड्या विक. तू नाशिकची आहेस आणि येवला तुझ्याच जिल्ह्यात आहे, म्हणून पैठणीबद्दल विशेष सांगते. यंत्रावरची साडी 'येवल्याची पैठणी' म्हणून विकणारे फोटो तुझ्याही गटांत येत असतील. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मोर, पोपट आणि वेल दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखेच दिसतात. यंत्रावरच्या साडीत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. काठाजवळचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते, तर पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. सेमी-पैठणी, म्हणजे यंत्रावरची पैठणी, ही सुंदर आणि खपणारी वस्तू आहे, ती त्याच नावाने विकावी. जिने आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस मागावर बसून पदर विणला आहे, तिच्या कामाचे नाव दुसऱ्या मालाला लावणे मला अन्यायाचे वाटते.

आणि मोठ्या ब्रँडच्या नावाचे 'फर्स्ट कॉपी', म्हणजे नकली, कपडे या गटांतून आले तर त्यांना हात लावू नकोस. तो व्यापारचिन्हाचा भंग आहे आणि तो करणारी म्हणून नाव तुझे निघेल.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितो. सूनबाई लहान मुलांच्या सुती कपड्यांचा व्यवसाय सुरू करीत आहे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने ६० हजारांचा अंदाज दिला आहे. माझ्या निवृत्तीच्या रकमेतून ते करून द्यावे असे मनात आहे.

उत्तर : काका, सुनेच्या पाठीशी तुम्ही असे उभे आहात हे वाचून फार बरे वाटले, पण हे ६० हजार आज संकेतस्थळात घालू नका. नव्या संकेतस्थळावर आपोआप कोणी येत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवर किमतींसह मालाची सूची विनामूल्य मांडता येते आणि इन्स्टाग्रामवर पानही विनामूल्य उघडता येते. पहिले शंभर ग्राहक तिथूनच, बहुधा सोसायटीतल्या आणि शाळेतल्या आयांमधून मिळतील. दुकानाच्या नावाचा डोमेन तेवढा आताच नोंदवून ठेवा, त्याला वर्षाला साधारण हजार रुपये पुरतात. मागण्या लिहून घेताना सूनबाईंची दमछाक होऊ लागली की मग संकेतस्थळ करा, आणि तेव्हाही महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या तयार ऑनलाइन दुकानांपासून सुरुवात करा.

प्रश्न : लातूरहून लिहिते. सहा महिन्यांपूर्वी व्यवसाय सुरू केला. विक्री होते, पण माप बसत नाही म्हणून माल परत येतो आणि कुरिअरचे बिल ठरल्यापेक्षा दुप्पट येते. हे सावरण्यासाठी कर्ज काढावे का?

उत्तर : आधी गळती बुजवा, मग कर्जाचा विचार करा. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते आणि व्यवसाय वाढवण्यासाठी ते उपयोगी आहे. परत येणाऱ्या मालाचे नुकसान भरून काढायला ते घेतले तर त्या नुकसानीत हप्त्याची भर पडेल.

मापाची तक्रार बहुतेक वेळा 'एम, एल, एक्सएल' या अक्षरांमुळे होते, कारण प्रत्येक उत्पादकाचा एल वेगळा असतो. घाऊक बाजारातून आणलेला प्रत्येक प्रकार जमिनीवर सपाट पसरा आणि छाती, कंबर, खांदा, बाही व उंची इंची टेपने मोजून तेच आकडे लिहा. टेप लावलेल्या कुर्त्याचा फोटोही टाका. ही मापे कपड्याची आहेत, अंगाची नाहीत, हे स्पष्ट लिहा, आणि ग्राहकाला सांगा की तुमचा नेहमी नीट बसणारा एखादा कुर्ता असाच पसरून मोजा आणि त्याच्याशी ताडून पाहा. शिलाईच्या आत दोन्ही बाजूंना एकेक इंच माया ठेवलेला कुर्ता असेल तर तेही लिहा. आपल्याकडे कोपऱ्यावरचा शिंपी तो उसवून देतो हे ग्राहकाला माहीत असते, आणि एवढ्याच वाक्यावर कितीतरी कुर्ते परत येण्यापासून वाचतात.

कुरिअरच्या बिलाचे कारण तुमच्या पेटीत असावे. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त त्यावर पैसे लावतात, आणि आकारमानाचे वजन काढताना लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५,००० ने भागतात. तुमचा कुर्ता ३५० ग्रॅमचा असेल, पण तो ३० × २५ × १० सेंटिमीटरच्या खोक्यात घातला तर कुरिअरच्या लेखी तो दीड किलो होतो. तोच कुर्ता घडी करून, हवा काढून, चपट्या प्लास्टिक पिशवीत घातला आणि जाडी ३ सेंटिमीटर राहिली तर ४५० ग्रॅम भरतात, म्हणजे अर्ध्या किलोच्या दरात बसतो. खोके छान दिसते हे मला मान्य आहे, पण ते लग्नाच्या साडीसाठी ठेवा. पिशवी बंद करण्यापूर्वी काट्यावरच्या वजनाचा आणि टेप लावलेल्या पिशवीचा फोटो काढून मागणीच्या क्रमांकासह जपून ठेवा, कारण जास्तीच्या वजनाबद्दल हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात आणि फोटोशिवाय ती ऐकून घेतली जात नाही. मागच्या तीन महिन्यांची बिले काढून ज्या ज्या पार्सलांवर दीड किलो लागले आहे त्यांवर लाल शाईने खूण करा, आणि तो आकडा मला पुढच्या पत्रात कळवा.